सातवं कलम

मुलीनं ते वाक्य मोठ्यानं वाचायला घेतलं तेव्हा मसुदेकारांनी टोस्ट नुकताच चहात बुडवला होता, आणि वाक्य संपेपर्यंत तो बुडलेलाच राहिला. “सबब, हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत, सदर नाव ज्या ज्या वस्तूवर असेल, मग ती वस्तू विक्रीस असो वा नसो, पूर्ण असो वा अपूर्ण, ती आपण स्वतः नष्ट करावी, आणि नष्ट केलेल्या प्रत्येक वस्तूचे स्वतंत्र छायाचित्र आम्हांस पाठवावे.” मोबाइल टेबलावर उपडा ठेवत ती म्हणाली, “ऐकलंत? नष्ट करावी म्हणे! वर फोटोही पाठवा. कोण लिहीत असेल हो असलं?” “वकील लिहितात. दुसरं कोण लिहिणार?” बायको लोण्याच्या डबीचं झाकण लावता लावता म्हणाली. वकील नुसती सही करतात, हे मसुदेकारांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात टोस्टचा खालचा अर्धा भाग सुटून कपाच्या तळाशी गेला आणि चमचा घेऊन तो शोधण्याचं काम त्यांना मिळालं. ते काम त्यांनी जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी त्यांना आनंद झाला. लाज, भीती वगैरे मंडळी मागाहून आली. दार उघडल्याबरोबर आत शिरला तो आनंदच. त्याला कारणही तसंच होतं. मुलगी रेडिओवर बातम्या वाचायची, आवाज कमावलेला, आणि सव्वीस वर्षांत ते वाक्य कोणी मोठ्यानं वाचलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. ते टाइप झालेलं पाहिलं होतं, छापलेलं पाहिलं होतं, घडी घालून पाकिटात गेलेलं पाहिलं होतं. पण माणसाच्या तोंडून, आणि तेही पोटच्या पोरीच्या तोंडून, कधी नाही. ती कुठेही अडखळली नाही. जिथे त्यांनी स्वल्पविराम दिला होता तिथेच तिनं श्वास घेतला, ‘असो वा नसो’ला आवाज किंचित वर गेला आणि ‘छायाचित्र’पाशी अलगद खाली आला. रागानं वाचत होती, पण वाक्यानं तिला धरून ठेवलं होतं. माझी आहे म्हणून तिला जमलं, असं त्यांना वाटलं, आणि मग ‘माझी’ म्हणजे मुलगी की ओळ, हे त्यांचं त्यांनाच नीट सांगता येईना.

मुलीनं मग सगळी हकीकत सांगितली. रजया आणि खोली तापवायचे हीटर बनवणारी एक मोठी कंपनी आहे, तिनं ‘ऊब’ हा शब्द आपल्या नावावर नोंदवून घेतलाय. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली एक बाई तान्ह्या मुलांसाठी लोकरीच्या टोप्या विणते. काही प्रसूतिगृहात नुसत्याच देऊन येते, काही विकते. टोपीच्या कडेला कापडाची एवढीशी पट्टी, तिच्यावर लाल दोऱ्यानं भरलेलं ‘ऊब’. कंपनीच्या वकिलांनी तिला नोटीस पाठवली. आणि त्या बाईनं काय केलं असेल? ती भांडली नाही, रडली नाही, कोणाला विचारायला गेली नाही. घरात होत्या तेवढ्या त्रेचाळीस टोप्या तिनं दोन दिवस बसून उसवल्या, प्रत्येक टोपीच्या लोकरीचा वेगळा ढीग करून त्याचा वेगळा फोटो काढला आणि पाठवून दिला. परवा तिच्या भाच्याला तिच्या मोबाइलात ते फोटो सापडले आणि त्यानं ते लोकांपुढे टाकले, शेजारी नोटिशीतलं हे एक कलम. वकिलांचं नाव मात्र त्यानं काळं करून टाकलं होतं, न जाणो, नाव छापलं म्हणून त्यांचीच आणखी एक नोटीस यायची. “लोक पेटलेत नुसते,” मुलगी म्हणाली. “हे वाक्य लिहिणाऱ्याला शोधतायत. सापडला ना, की त्याचं काही खरं नाही.” तिनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. पिवळी लोकर, मग पांढरी, मग फिकट निळी. उसवलेली लोकर सरळ होत नाही. विणीची आठवण धरून बसते, बारीक बारीक वळणं घेते. “वाईट झालं,” ते म्हणाले, आणि छत्री न घेताच ऑफिसला निघाले. तशी छत्रीची गरजही नव्हती. आभाळ अगदी निरभ्र होतं.

ऑफिसात त्यांना सगळे मसुदेकार म्हणत. लग्न झालं तेव्हा बायकोला ते आडनावच वाटलं होतं. घरी त्यांनी काही लपवलं होतं असं नाही. ‘वकिलांकडे पत्रं लिहितो’ असं ते सांगत आणि ते खरंच होतं. पण पत्रं लिहितो म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे जे येतं ते काही नोटीस नसतं. घरापासून ऑफिस पायी बावीस मिनिटं. या बावीस मिनिटांवर मसुदेकारांचा फार जीव. कोपऱ्यावरच्या किल्ल्या करून देणाऱ्याचं यंत्र नुकतं सुरू झालेलं असे, दवाखान्याच्या पायऱ्या ओल्या असत, शाळेच्या कुंपणाला कोणीतरी विसरलेली पाण्याची बाटली लटकत असे. आपण आयुष्यात फार मोठं काही केलं नाही पण केलं ते नीट केलं, अशी एक समाधानाची गोळी चघळत ते चालत. आज ती गोळी तोंडात होतीच, फक्त चव थोडी वेगळी लागत होती. रस्त्यानं येणारीजाणारी माणसं मोबाइलात पाहून हसत होती आणि त्यांना वाटत होतं, हा माझीच ओळ वाचतोय. हिनं आत्ता ‘अपूर्ण’पर्यंत मजल मारली. अंगावर काटा यावा तसं होत होतं; पण काटा भीतीचा की कौतुकाचा, हे काट्याला विचारून कळत नाही.

ती ओळ त्यांनी लिहिली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती आणि थोरले वकीलसाहेब जिवंत होते. तोवर ऑफिसच्या नोटिशी म्हणजे जंगलच असे. एका वाक्यात चार ‘ज्याअर्थी’, सहा ‘त्याअर्थी’, आणि शेवटी क्रियापद आलं तर आलं. थोरले साहेब म्हणाले होते, “अरे, ज्याला धमकी द्यायची त्याला ती कळायला तर हवी! रस्त्यावरच्या माणसाला एका वाचनात कळेल असं लिही.” मसुदेकार तीन दिवस त्या सातव्या कलमाशी झटले. ‘असो वा नसो’ सुचलं ते दाढी करताना, आणि ‘पूर्ण असो वा अपूर्ण’ तर त्यांनी केवळ तोल साधायला घातलं. कायद्याला त्याची काही गरज नव्हती. एका पायावर उभं असलेलं वाक्य दोन पायांवर आलं, एवढंच. थोरल्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “छान. आता एक लक्षात ठेव. सातवं कलम मागण्यासाठी असतं, मिळण्यासाठी नसतं.” या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक. बाजारात भाजीवाली जसा चढा भाव सांगते आणि गिऱ्हाईक जसं निम्म्यावरून सुरुवात करतं, तसं हे. आम्ही म्हणायचं नष्ट करा, समोरच्या वकिलानं म्हणायचं छे छे, मग चार पत्रं इकडून तिकडे, आणि शेवटी समोरच्यानं नाव बदलायचं कबूल करायचं. सव्वीस वर्षांत कोणी एक डबीसुद्धा नष्ट केली नव्हती. प्रत्येक प्रकरणाच्या फायलीत ‘पूर्तता’ नावाचा एक कप्पा असतो. आजवर तो रिकामाच राहत आला होता. त्यात कोणी कधी पाहतसुद्धा नसे.

आणि कोणाला पाठवलं, हे मसुदेकारांना कुठे ठाऊक होतं? नावं हुडकणारी एक संस्था दर सोमवारी यादी पाठवायची: गेल्या आठवड्यात कोणाच्या नावात आपल्या पक्षकाराचा शब्द दिसला त्यांची. ‘ऊब’ वाल्यांची यादी सर्वांत लांब, कारण शब्दच तसा. कोण चादरवाला, कोण सूप विकणारा, कोण पाळणाघर चालवणारी. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं म्हणून मसुदेकार मसुद्यातल्या मोकळ्या जागेत नाव भरत आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवत. यादीत त्या बाईंचं नाव असणार. भरताना त्यांच्या हातानं ते लिहिलं असणार. ते आठवायचा त्यांनी जिन्यावर थांबून प्रयत्न केला. काही आठवेना. चाळीस नावांतलं एक, सोमवार, दुपारचा चहा यायच्या आधी किंवा नंतर. हे न आठवणंच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

ऑफिसात टेलिफोन ठणाणत होते आणि कोणी उचलत नव्हतं. वकिलांचं नाव अजून बाहेर आलं नव्हतं, पण कंपनीचं आलं होतं, आणि कंपनीवाले दर दहा मिनिटांनी इकडे ओरडत होते. टाइप करणाऱ्या बाई मात्र खुशीत होत्या. “मसुदेकार, हे पाहिलंत का?” म्हणून त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली. कोणी मांडीवर झोपलेल्या मांजराचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, ‘हे मांजर परवानगीशिवाय ऊब देत आहे, जागे असो वा नसो, सात दिवसांत नष्ट करू का?’ कोणी चहाचा कप, कोणी आजोबांचा स्वेटर, कोणी नुसतंच खिडकीतून आलेलं ऊन. ‘ऊन पूर्ण असो वा अपूर्ण.’ हजारोंनी. साऱ्या दुनियेला त्यांच्या वाक्याची चाल लागली होती, एखादं गाणं तोंडात बसावं तशी. मसुदेकारांनी मनातल्या मनात मार्कही दिले. मांजरवाल्याला जमलं होतं. स्वेटरवाल्यानं दुसऱ्या ‘असो’नंतर एक शब्द जास्त घातला होता आणि तोल घालवला होता. मग एकाचं वाचलं: ‘हे लिहिणाऱ्या हाताला स्वतःला कधी थंडी वाजली नसेल.’ त्यात चेष्टा नव्हती आणि चालही नव्हती. मसुदेकारांनी आपला हात टेबलाखाली घेतला. उगीचच घेतला, कोण बघत होतं?

वकीलबाईंनी बोलावलं. ही थोरल्या साहेबांची मुलगी. लहानपणी याच ऑफिसात मसुदेकारांच्या टेबलाखाली बसून रबरी शिक्के उठवायची, आता सही हिची. चिडलेली नव्हती, नुसती थकलेली. “काका, बसा. नोटीस बरोबरच आहे. कायद्यानं एक अक्षर चुकलेलं नाही.” “हो.” “तरी कंपनी मागे घेतेय. दुपारपर्यंत जाहीर करतील. आपल्याकडून त्या बाईंना दोन ओळींचं पत्र हवंय. ‘गैरसमजातून’ असं काहीतरी घाला. माफी हा शब्द नको, दिलगिरी चालेल.” “बरं.” “आणि ते सातवं कलम मसुद्यातून काढून टाका.” सव्वीस वर्षांचं कलम काढायला एक बटण पुरतं हे मसुदेकारांना माहीत होतं. वकीलबाईंनीच मग जरा मऊ आवाजात म्हटलं, “बाबा असते तर हसले असते, काका. म्हणाले असते, पहिल्यांदाच कोणी आपलं ऐकलं.” मसुदेकारही हसले, पण ते हसू दाराबाहेर येईपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

फाईल त्यांनी स्वतः काढली. ‘पूर्तता’च्या कप्प्यात जाड लिफाफा होता, अकरा दिवसांपूर्वीच्या शिक्क्याचा. उघडला होता, आवक क्रमांक पडला होता आणि कोणीही वाचला नव्हता. वाचणार कोण? पूर्तता कधी येतच नाही. लिफाफ्यात फोटोंची चळत आणि वर एक पत्र, जुन्या वळणाच्या उभ्या अक्षरात. ‘महोदय, आपले पत्र पोचले. माझ्या निवृत्तीनंतर मला सरकारी आणि निमसरकारी पुष्कळ पत्रे आली. त्यांतले एकही मला शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय कळले नाही. आपले पत्र मात्र पहिल्या वाचनात कळले. काय करायचे ते इतके स्वच्छ लिहिले होते की शंका उरली नाही. त्याप्रमाणे केले आहे. फोटो सोबत. पोच द्यावी.’ मसुदेकारांनी ते एकदा वाचलं आणि खुर्चीत बसले. म्हणजे बसलेलेच होते, पण आता खरे बसले. आयुष्यात त्यांच्या लिखाणाला आलेलं हे पहिलं पत्र. इतकं स्वच्छ कोणी त्यांचं कौतुक केलं नव्हतं. इतर वकिलांच्या नोटिशींसारखं जंगल लिहिलं असतं, तर ती बाई कोणाला तरी विचारायला गेली असती. विचारलेल्या माणसानं म्हटलं असतं, अहो, हे असं लिहितातच, घाबरू नका. टोप्या वाचल्या असत्या. चांगलं लिहिल्यामुळे झालं हे. वाईट वाटण्याची ही जात त्यांच्या ओळखीची नव्हती. वाईट केलं म्हणून वाईट वाटलं तर माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि तिसऱ्या दिवशी जेवायला लागतो. पण चांगलं केलं त्याचंच वाईट झालं, तर ते कुठल्या खणात ठेवायचं?

पत्राखाली टेलिफोन नंबर होता. असा फोन करायची ऑफिसात पद्धत नाही. समोरच्याशी फक्त कागदानं बोलायचं. जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेल्यावर, मसुदेकारांनी नंबर फिरवला. “बोला,” पलीकडून आवाज आला, स्पष्ट, तासलेला, साठ-पासष्टचा. “मी वकिलांच्या ऑफिसातून बोलतोय.” “कुठल्या? सकाळपासून सात वकील बोलले. सगळे माझ्या बाजूनं लढायला निघालेत.” “ज्यांनी तुम्हाला नोटीस पाठवली, त्यांच्या.” “हां. मग, फोटो मिळाले का?” “मिळाले.” “त्रेचाळीस?” “मोजले नाहीत.” “मोजून घ्या. एकतिसावा जरा हललाय. हवा तर दुसरा काढून पाठवते, लोकर अजून तशीच ठेवलीय.” मसुदेकारांनी टेलिफोनची वेटोळी वायर बोटाला गुंडाळली आणि सोडली. “बाई, ते करायचं नव्हतं.” “म्हणजे?” “तसं लिहायची पद्धत असते. कोणी करत नाही.” “करायचं नव्हतं, तर लिहिलंत कशाला?” तिच्या आवाजात राग नव्हता. चुकीचा नंबर लागला तर ती पूर्वी ज्या सुरात विचारत असेल त्या सुरात विचारत होती: कोण हवंय आपल्याला?

“मी लिहिलंय ते,” मसुदेकार म्हणाले. इतक्या सहज बोलून गेले की त्यांनाच नवल वाटलं. “तुम्ही? सही तर कोणा बाईंची आहे.” “सही त्यांची. वाक्य माझं.” “असं होय,” ती म्हणाली, आणि थोडं थांबून, “छान लिहिता.” टोमणा असता तर बरं झालं असतं. मसुदेकारांनी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून, की सगळ्या टोप्या विक्रीच्याच होत्या का. “बेचाळीस विक्रीच्या,” ती म्हणाली. “एक माझ्या धाकट्या बहिणीची. आम्ही दोघी मिळून विणायचो. ती गेली मागल्या वर्षी. टोपी अर्धी झाली होती, सुयांवरच राहिलेली. पट्टी आधी शिवून टाकायची तिची खोड, म्हणून नाव होतं त्यावर. मी आधी ती बाजूला ठेवली होती. मग पुन्हा पत्र वाचलं. पूर्ण असो वा अपूर्ण, असं लिहिलं होतं. म्हटलं, आता यात काय बोलायचं?” मसुदेकारांनी वायर पुन्हा बोटाला गुंडाळली. तीच पुढे म्हणाली, “लोकर आहे हो. लोकर कुठे जाते? धुऊन, वजन बांधून वाळत घातली की सरळ होते. बेचाळीस मी करीन परत, वेळ जातो माझा. तिची तेवढी होणार नाही. तिचा हात घट्ट, माझा सैल. तेवढ्याच टाक्यांत माझी टोपी मोठी होते.” मसुदेकारांनी म्हटलं, “मला फार वाईट वाटतं.” हे चार शब्द त्यांनी आजवर कुठल्याच मसुद्यात घातले नव्हते. “वाटायलाच हवं,” ती म्हणाली. “पण हे असं हवेत नको. पस्तीस वर्षं मी लोकांचं बोलणं जोडून दिलंय, तारेवरचं बोलणं तारेवरच राहतं. जे बोललात ते लिहून द्या, सहीनिशी. ऑफिसची सही नको, लिहिणाऱ्याची. आणि आधीच सांगून ठेवते, मी ते भाच्याला दाखवणार. तो लगेच जगाला दाखवेल. मागाहून म्हणाल, सांगितलं नाही.”

दुपारभर मसुदेकारांनी दोन ओळींचं ऑफिसचं पत्र केलं. ‘गैरसमजातून’, ‘दिलगिरी’, सगळं जागच्या जागी. वकीलबाईंनी सही केली, पत्र गेलं. तसं पाहिलं तर प्रकरण मिटलं होतं. कंपनीनं हात झटकले, लोकांची जीत झाली, उद्या ते दुसऱ्या कशावर तरी पेटतील. दुसरं पत्र मसुदेकारांनी लिहिलं नाही तर त्यांना कोण विचारणार होतं? बाई तर नाहीच. तिनं फक्त सांगितलं होतं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. सही केली की उद्या सकाळपर्यंत त्यांचं नाव त्या मांजरांच्या आणि चहाच्या कपांच्या रांगेत लागणार, ऑफिस त्यांना ठेवणार नाही, किल्ल्या करून देणारासुद्धा मान वर करून पाहील. पण हे सगळं एका पारड्यात घातलं तरी दुसरं पारडं जड राहत होतं, कारण त्यात मुलगी होती. सकाळी ज्या माणसाला ती शिव्या घालत होती तो माणूस तिच्या समोर बसून टोस्ट शोधत होता, हे तिला कळणार. सही नाही केली तर कधीच कळणार नाही, आणि आपण तिच्यासमोर रोज टोस्ट शोधत राहू. घरी परतताना तीच बावीस मिनिटं त्यांना आज पुरली नाहीत. शाळेला त्यांनी एक वळसा जास्त घातला. तरीही एक गोष्ट त्यांना कबूल करावी लागली: सकाळपासून वाटत होतं इतकं जिवंत त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. उन्हं कलत होती, दवाखान्याच्या पायऱ्या वाळल्या होत्या, आणि सगळं फार स्वच्छ दिसत होतं.

मुलगी ड्यूटी करून आली तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले होते. “एकच्या बातम्यांत मीच वाचलं,” ती चपला काढता काढता म्हणाली. “घेतली मागे नोटीस. काय लिहिताय?” “पत्र.” “कोणाला?” “टोप्यावाल्या बाईंना,” मसुदेकार म्हणाले. “सकाळी तू वाचलंस ते वाक्य माझं आहे.” ती हसली. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि हसायची थांबली. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. “तुम्ही टोस्ट खात होतात,” ती म्हणाली. “हो.” “मी त्या माणसाला काय काय बोलत होते, आणि तुम्ही टोस्ट खात होतात!” “बरोबरच बोलत होतीस.” “त्रेचाळीस टोप्या, बाबा.” मग त्यांनी तीन दिवस खपून ती ओळ लिहिल्यापासून फोनपर्यंतचं सगळं सांगितलं, बहिणीच्या अर्ध्या टोपीसकट. काही गाळलं नाही, कशाला तोल दिला नाही. मुलगी उठून गॅलरीत गेली. बायको दारात पदराला हात पुसत उभी राहिली, आणि म्हणाली, “तरी मी म्हणत होते, वाक्य ओळखीचं वाटतंय.” “ते कसं?” “घरी वाणसामानाची यादीसुद्धा तुम्ही तशीच लिहिता. गूळ मिळो वा न मिळो.” मसुदेकारांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोघांपैकी कोणालाही त्यांनी अडवलं नाही.

बऱ्याच वेळानं मुलगी आत आली, खुर्ची ओढून शेजारी बसली. “दाखवा.” तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडखळली. “‘सबब’ कशाला?” “सवय.” “काढा. आणि हे ‘अनवधानानं’? तुम्ही तीन दिवस खपून लिहिलंत ना ते?” “हो.” “मग काढा.” सव्वीस वर्षांत मसुदेकारांच्या लिखाणाला कोणी हात लावला नव्हता. आता ती एकेक शब्द उचलून बाजूला ठेवत होती आणि ते तिला ठेवू देत होते, दातदुखीनंतर दात निघाल्यावर वाटतं तसं हलकं वाटत होतं. शेवटी पानावर चार ओळी उरल्या. तिनं त्या रेडिओच्या आवाजात नाही, घरच्या आवाजात वाचल्या. ‘ती ओळ मी लिहिली. ती कोणी पाळेल असं मला वाटलं नव्हतं, म्हणून लिहिताना मी कोणाचाच विचार केला नाही. तुमच्या बहिणीची टोपी माझ्यामुळे उसवली. मला फार वाईट वाटतं.’ “आता सही,” ती म्हणाली. “तुम्हाला माहितीय ना, उद्या काय होईल ते?” “माहितीय.” “मग करा.”

मसुदेकारांनी पेनचं टोपण काढलं. जन्मभर लिहूनही त्यांची सही फार थोड्या कागदांवर होती. पत्रांवर इतरांच्या. त्यांची स्वतःची म्हणजे बँकेत कधीमधी, आणि पूर्वी मुलीच्या प्रगतिपुस्तकावर. त्यांनी सही केली, नावाखाली लांब रेघ ओढली आणि तिच्या टोकाला वर वळवून एक फाटा काढला. मुलगी त्या सहीकडे बघत राहिली. “बाबा, तुम्हाला एक सांगू? चौथीत गणितात नापास झाले होते ना, तेव्हा प्रगतिपुस्तकावर तुमची सही मीच ठोकली होती.” “माहितीय.” “माहितीय?” “तुझ्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून दाखवली होती. मी म्हटलं, माझीच आहे.” तिनं सहीवरून नजर वर केली. “आणि मला काहीच बोलला नाहीत?” मसुदेकारांनी पेनला टोपण लावलं. “काय बोलणार? हा शेवटचा फाटा तेव्हा माझ्या सहीत नव्हता. तू काढलास. मला आवडला. त्यानंतर मी तसाच काढतो.” मुलीनं पत्र पुन्हा एकदा जवळ ओढून पाहिलं, मग नीट घडी घातली आणि पाकीट शोधायला उठली.